कुसुमताईंच्या नावापुढचं ‘स्वर्गीय’

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, मित्रांना नाही, ज्यांच्या कलादालनासाठी मी वस्तू निवडतो त्या मुंबईच्या मालकीणबाईंना तर नाहीच. एका धडधाकट, जिवंत बाईला मी मेलेली ठरवलं. दिल्लीत, कलेच्या बाजारात, भर दुपारी, चारचौघांच्या देखत. गेल्या महिन्यात त्याच बाईंना भेटायला म्हणून मी जुन्नर-आंबेगावकडे जाऊन आलो. प्रवास तसा काहीच नाही. पुण्याहून सकाळच्या एसटीनं निघालं की जेवायच्या आत माणूस जुन्नरला पोचतो, आणि मनात आणलं तर त्याच दिवशी निरगुडसरलाही. मला चौथा दिवस उजाडला.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वस्तू हुडकतो. जुन्यापुराण्या नव्हे. आज, आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी हातानं केलेली, आणि तरीही अगोदर कधी पाहिली नव्हती असं वाटायला लावणारी वस्तू. बुरडाच्या हातची अशी पाटी, की तिच्याकडे दुसऱ्यांदा बघावं लागतं. तांब्याचा असा दिवा, की तो विझलेलाच बरा दिसतो. मी गावं फिरून अशा वस्तू निवडतो, मुंबईचं दालन त्या मांडतं आणि हिवाळ्यात दिल्लीच्या मोठ्या कलाबाजारात घेऊन जातं. तिथे येणारी मंडळी त्याला बाजार म्हणत नाहीत. पण असतो तो बाजारच, फक्त भाव कुणी मोठ्यानं विचारत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा निरगुडसरला कुसुमताईंच्या पडवीत मी एक गोधडी पाहिली. खाकी, शाळेच्या गणवेशाचा निळा आणि पांढरा, एवढेच रंग. चौकटी नाहीत, फुलं नाहीत. खाकीचे रुंद पट्टे एकमेकांना टेकून उभे, मधून निळ्याची एक अरुंद बोळ, आणि एका कडेनं लाल कापडाची एकच वाकडी रेघ खाली उतरलेली. त्या लाल रेघेनं मला धरलं. मी विचारलं, “ताई, ही रेघ कशी सुचली?” त्या म्हणाल्या, “सुचतीय कशाची, खाकी संपली व्हती.”

मी ती तिथल्या तिथे मागितली. त्यांनी नको म्हटलं नाही, पण थांबवून ठेवलं. गोधडी कडेकडेनं शिवत आत येतात. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उघडी उरते, तिला पोट म्हणतात. त्या पोटात त्या दिवशीच्या भाकरीचा एक घास हळदीच्या चिंधीत बांधून ठेवायचा आणि मग ते शिवायचं. उपाशी गोधडी घराबाहेर द्यायची नाही, असा त्यांच्याकडे नेम. चूल पेटेपर्यंत, भाकरी होईपर्यंत मी पडवीत बसून होतो. उरलेल्या भाकरीला ठेचा लावून मलाच वाढली.

ती गोधडी आठ-दहा वर्षं माझ्या पुण्याच्या घरी होती. विकायला जीव होत नव्हता, असं मी सांगत असे. मग दिल्लीचा तो बाजार भरायला लागला आणि जीव झाला.

गोधडी भिंतीवर चढली. लोक थबकत होते. त्या लाल रेघेला कुणी नदी म्हटलं, कुणी फाळणी. दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “इनसे मिल सकते हैं?” मला सांगायचं होतं की त्या इथे आलेल्या नाहीत, आता इथे नाहीत. माझं हिंदी मराठी माणसाचं. अभी आणि अब यांतला फरक माझ्या जिभेला आजही कळत नाही. मी म्हणालो, “वो अब नहीं है.” बाईंनी छातीवर हात ठेवला. “ओह,” म्हणाल्या, आणि पुन्हा गोधडीकडे वळल्या. वळताना त्यांची नजर बदललेली मला दिसली. मघापर्यंत त्या एक चांगली वस्तू बघत होत्या. आता एकुलती एक बघत होत्या.

पहिली पाच मिनिटं ती चूक होती. सहाव्या मिनिटाला मला कळलं की त्यांचा काय समज झालाय, आणि मी गप्प बसलो. तासाभरात मालकीणबाईंनी विचारलं, “अरे, तू बोलला नाहीस कधी, गेल्या त्या?” मी मान हलवली. नावाची पाटी बदलली, आणि संध्याकाळी त्या जोडप्यानं गोधडी विकत घेतली. पुढे दालनानं छापलेल्या पुस्तकातही तेच आलं. का केलं? खरं सांगायचं तर धास्ती होती. ती माणसं गाडी काढून थेट निरगुडसरला जातील, पुढल्या सगळ्या गोधड्या सोफ्याच्या रंगाला जुळवून मागतील, आणि मग मी कोण? ज्यानं ती गोधडी पहिल्यांदा पाहिली तो मी. ते मला सोडवेना. त्यासाठी एक बाई गेली.

यंदा त्या बाजारात एक नवा विभाग निघायचा होता. तिथे वस्तूंशेजारी करणारी माणसं स्वतः बसणार. मालकीणबाईंनी मला फॉर्म दिले आणि म्हणाल्या, “तुझ्या त्या जुन्नरकडे जा. ती गोधडीवाली बिचारी गेली, पण तिच्यासारखं आणखी कुणी असेल तर बघ. गोधडीला एकच जागा आहे हं.” तिच्यासारखं म्हणजे तीच. तिचं नाव फॉर्मवर लिहिलं की माझं पितळ उघडं, आणि नाही लिहिलं तर तिची हक्काची जागा दुसरीला. हे मनात घेऊन मी एसटीत बसलो.

जुन्नर

रज्जाकभाईंचं शिलाईचं दुकान बाजारपेठेत आहे. शाळांचे, पोलिसांचे गणवेश हे त्यांचं नेहमीचं काम. कुसुमताईंच्या गोधड्यांतलं सगळं खाकी यांच्याच कात्रीखालून पडलेलं. मूळ मला कुसुमताईंचं घर दाखवलं तेही यांनीच.

“या साहेब! वाट चुकला का काय?”

“कामानं आलोय.”

“ते दिसतंयच. काम असल्याबिगर पुन्याचा मानूस शिवनेरीबी बघाया येत न्हाई.”

चहा आला. आमच्या घरी पाहुण्याला कपबशी देतात आणि बशी नुसती शोभेची. इथे बशीतच ओतून हातात देतात, म्हणजे पिऊन संपेपर्यंत तुम्हाला उठता येत नाही. मला उठायचं होतं. फॉर्म काढून म्हटलं, “तुमचं नाव घालू का? गणवेशाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवता त्या बघितल्यात मी.”

त्यांनी फॉर्म घेतला, पण वाचला नाही. अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळला. “हलका हाय,” म्हणाले. “आमच्या घरान्याचं नाव कागदी. आजोबांपतुर इथं कागद व्हायचा, चिंध्या कुटून कुटून. शंभर वर्सं हलायचा न्हाई. आता बघा, आजा चिंध्यांचा कागद करायचा आन नातू कापडाच्या चिंध्या करतोय.” स्वतःच हसले. मग एकदम, “मला कशाला दिल्लीला बसवता? कुसुमताईला न्या की. तिची ती गोधडी गेली व्हती ना तिकडं? काय म्हनली मंडळी?”

“आवडली.”

“तिला सांगितलं का मग?”

“सांगणार आहे.”

“बेस. मग हे बी घेऊन जा.” त्यांनी इस्त्रीच्या मेजावरून एक गाठोडं ओढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “खाकी संपली म्हून चार दिस झाले, निरोप आलाय तिचा. तुमी जाताच हाय तर माझ्या मानसाची खेप वाचली.”

‘मी तिकडे जात नाहीये’ एवढं एक वाक्य होतं. तोंड उघडलंही. पण ते गाठोडं उबदार होतं, नुकतीच इस्त्री झालेल्या कापडांखालून निघालेलं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पिशव्यांसाठी त्यांचा फॉर्म भरून घेतला. सही करताना त्यांनी विचारलं, “ह्यो शेवटला सवाल काय हाय?” मी वाचून दाखवला: यापूर्वी आपले काम कोठे मांडले गेले आहे काय?

“न्हाई लिवा. खोटं कशाला.”

लेण्याद्री

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरगुडसरच्या वाटेला लागायला हवं होतं. लेण्याद्रीला गेलो. दर्शनाची ओढ होती असं नाही. जुन्नरला येऊन गिरिजात्मजाला न जाता कसं परतायचं, असं स्वतःला सांगितलं. मी अनेकदा तसा परतलेलो आहे.

गाठोडं पाठीला, फॉर्मांची प्लास्टिकची पिशवी हातात, असा पायऱ्या चढत होतो. अर्ध्यावर काकड्या विकणारी एक बाई ओरडली, “वो पावणं, पिशवी पोटाशी धरा, माकडं हायेत!” तिचं बोलणं संपायच्या आत पिशवी गेली. माकड कठड्यावर बसलं, पिशवी उघडली, आत खायला काही नाही असं पाहून त्यानं एक फॉर्म उभा फाडला, वास घेतला, दुसरा चावला. काकडीवालीनं एक काकडी लांब फेकली तेव्हा बाकीचे खाली पडले. पाचांतले तीन उरले, त्यांतला एक रज्जाकभाईंचा.

“काय सरकारी कागद व्हता का?” तिनं विचारलं.

“दिल्लीचा होता.”

“मग बरं झालं. दिल्लीला मानसांपरीस माकडांचीच सोय लई हाय म्हनतात.” काकडीचे पैसे घेतले नाहीत. “ती माकडाच्या नावावर,” म्हणाली.

वर लेण्यांत थंड होतं. एक सहल आली होती आणि त्यांचे गुरुजी भिंतीवरची अक्षरं दाखवत होते. कुणा व्यापाऱ्यानं हे लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं दिलं, असं त्यात कोरलेलं असतं म्हणे. एका मुलीनं विचारलं, “सर, खोदलं कुणी?” गुरुजी म्हणाले, “कारागिरांनी.” “त्यांची नावं?” गुरुजींनी पुढच्या दाराकडे हात केला आणि रांग हलली.

मी हललो नाही. आमच्या घरात वाटीवरसुद्धा नाव कोरलेलं आहे. लग्नातल्या भांड्यांवर कुणी दिलं, कधी दिलं, सगळं. एक चमचा शेजारी गेला तरी नावावरून परत येतो. अशा घरात ती गोधडी आठ-दहा वर्षं पडून होती आणि तिच्या कोपऱ्यात चार अक्षरं घालावीत असं मला एकदाही वाटलं नाही. आणि पहिल्यांदा नाव लागलं ते कसं लागलं. लेण्यात बसवेना. चढताना जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात उतरलो, आणि खाली आल्यावर आता कुठे जायचं ते सुचेना.

वारूळवाडी

नारायणगावला उतरलो तेव्हा दुपार होती. मंचरची गाडी समोर उभी होती. कंडक्टर “मंचर, मंचर” करून थकला आणि दार लावून घेतलं. मी गाडी जाताना पाहिली, मग वारूळवाडीत एका लॉजवर खोली घेतली.

शेजारच्या खानावळीत मासवडी मिळाली. नावात मास असलं तरी त्यात मासही नसतं आणि मासाही नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं तिखट सारण भरून गुंडाळलेली वळकटी, कापून रश्श्याबरोबर खायची. आमच्याकडे पाटवडी असते, तिचा तोरा पाहुणीचा, ताटाच्या कडेला दोन. ही ताटाच्या मधोमध बसते. रस्सा पहिल्याच घोटाला घशात अडकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मालक पाणी घेऊन आला.

“पावणं, हळू. गाठुड्यात काय हाय? कापडं इकता का?”

“नाही. निरगुडसरला पोचवायचंय.”

“निरगुडसर तर तिकडं ऱ्हायलं.”

“उद्या जाणार आहे.”

“दिस हाय तोवर जा. ऊसतोड चालू झालीय, बिबट्या बाहेर पडलाय. परवा आमच्या मेव्हन्याच्या दारातनं कुत्रं उचललं. आन बिबट्याचं कसं असतंय, पळनाऱ्याच्याच मागं लागतो.”

त्यानं सहज सांगितलं, पण मला वाटलं मला उद्देशूनच.

तिसऱ्या दिवशीही मी गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं. सकाळी टोमॅटोच्या बाजारात फिरलो. क्रेटांचे लाल डोंगर, बोली, धक्के. एका हमालानं क्रेट माझ्या पायावर टेकवला, नख काळं झालं, आणि मला बरं वाटलं, कारण आता लंगडत कुठे जाणार. संध्याकाळी खानावळीत शिरलो तर मालकानं नुसतं गाठोड्याकडे बघितलं आणि विचारलं, “वझं जड हाय व्हय?” मी ताट अर्धं टाकून उठलो.

निरगुडसर

मंचरहून जीप. मागच्या बाकावर सहाजण आणि गाठोडं माझ्या डोक्यावर. थंडी होती, दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाची रानं, पाचटाचा गोड-करपट वास. उतरलो तेव्हा दहा वाजले असतील.

कुसुमताई पडवीतच होत्या. आता पन्नाशीच्या आतबाहेर, केस तसेच दाट. त्या आणि त्यांची थोरली जाऊ लीलाबाई, दोघी पसरलेल्या गोधडीच्या दोन कडांना बसून शिवत होत्या. त्यांनी पहिल्यांदा मला पाहिलंच नाही, गाठोडं पाहिलं.

“आली बाई खाकी!” मग वर बघून, “अगं, हे तर पुन्याचं भाऊ! या, या. रज्जाकभाईनी तुमास्नी हमाल केलं का?”

पाणी झालं, चहा झाला. पोरं काय करतात, पुण्याला पाणी किती, सगळं झालं. माझा पाय आपोआप हलत होता. लीलाबाई म्हणाल्या, “भाऊ, पाय नका हलवू, घरात कटकट व्हती.” मी पाय थांबवला, तर बोट हलायला लागलं.

“ताई, एक सांगायचंय,” मी म्हणालो. “तुमची गोधडी दिल्लीला नेली होती. तिथे तुमच्याबद्दल माझ्याकडून चुकीचं बोललं गेलं.”

“काय बोलला?”

“तुम्ही आता नाही, असं.”

“मग बरोबरच हाय की. मी कुठं व्हते तिथं?”

“तसं नाही. तुम्ही... गेलात, असं.”

“कुठं गेले?”

त्या खरंच विचारत होत्या. मी लीलाबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातातली सुई थांबली होती.

“अगं येडे,” लीलाबाई म्हणाल्या, “मेलीस म्हून सांगितलं ह्यांनी!”

अंगणात कोंबडी फडफडली. कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं, मग जावेकडे, आणि मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. लीलाबाईंनीही सूर धरला.

“आगं, आयुष्य वाढलं की तुझं! जित्या मानसाची मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय.”

“दहावा घातला का न्हाई वो भाऊ? का तसंच सोडलं?”

“आन कावळा? कावळा शिवला का?”

“दिल्लीचा कावळा गं, त्यो भाकरीला कशाला शिवंल! केक लागत असंल त्याला.”

त्या डोळे पुसत होत्या. मीही हसलो. मनावरचं एवढं मोठं ओझं इतक्या सहज उतरलेलं मला चालत होतं, हेही कबूल करतो. कुसुमताईंनी विचारलं, “का सांगितलं पर असं?” मी हिंदीची चूक सांगितली, आणि सहाव्या मिनिटाचंही सांगितलं. गोधडी घेणाऱ्या जोडप्याला त्यांचं घर सापडू नये म्हणून गप्प बसलो, हेही. त्यांनी मान डोलावली. “आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याला कोन दाखवतंय,” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. “फोटू हाय का माज्या मयताचा?”

दालनानं छापलेलं पुस्तक पिशवीत होतं. पान उघडून दिलं. इंग्रजीखाली हिंदीत एक ओळ होती. त्यांनी बोट ठेवून वाचलं, “स्वर... गी... य कुसुम. एवढं मोठं नाव आईबापांनीबी ठेवलं नव्हतं.” लीलाबाई पुन्हा हसायला लागल्या. कुसुमताईंचं बोट मात्र ओळीवरून वर सरकलं, गोधडीच्या मधोमध आलं आणि तिथे थांबलं.

“हे कुनी शिवलं?”

“काय?”

“पोट. ह्ये टाकं माजं न्हाईत.” त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. “मी डावखुरी हाय, भाऊ. माजा टाका डावीकडं झोपतो. ह्ये उजवीकडं झोपल्यात. कुनीतरी उघडलंय.”

ही दुसरी गोष्ट. वर मी ती सांगितली नाही, कारण तोपर्यंत मी तिला गोष्ट समजतच नव्हतो. दिल्लीत दिवे लावले तेव्हा गोधडीच्या मध्यावर बारीक उंचवटा दिसायला लागला, त्याची सावली पडे. मालकीणबाई म्हणाल्या, आत काही असेल तर कीड लागेल, काढून टाक. काय आहे ते मला ठाऊक होतं. तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, मला एकट्याला होतं. मी भिंतीमागच्या अडगळीत बसून ब्लेडनं टाके कापले, ती पिवळी पुरचुंडी काढली. दगडासारखा कडक झाला होता तो घास. मग मला जमेल तसं शिवून टाकलं. पाच-दहा मिनिटांचं काम.

दिल्लीच्या लोकांनी केलं असेल, असं म्हणता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं.

“मी,” म्हणालो.

“का?”

“मधे उंचवटा दिसत होता.”

“आन घास?”

“टाकला.”

“कुठं टाकला?”

“कचऱ्याच्या डब्यात. चहाच्या कपांखाली.”

लीलाबाई उठून आत गेल्या. कुसुमताईंनी पुस्तक मिटलं, पालथं घातलं आणि माझ्याकडे न बघता बोलल्या. “मला मारली ते असू द्या. मी ही इथं बसलीय, कुनीबी यावं आन बघावं. ती तिकडं भितीला उपाशी टांगलीय. तिला कोन बघनार? तुमच्या म्होरं घातला व्हता मी त्यो घास. त्याच भाकरीतलं तुमी जेवला.”

“ताई, मी पुन्हा नेऊन घालतो. आजची भाकरी द्या.”

“असा घालत न्हाईत. ज्या दिशी पुरी व्हती त्या दिसाची भाकरी लागती. त्यो दिस तुमी आता कुठनं आननार?”

वेळ चुकीची आहे हे कळत असूनही मी फॉर्म काढला. न काढता परत गेलो असतो तर तो आणखी एक गप्प बसणं झालं असतं. सगळं सांगितलं: दिल्ली, हिवाळा, वस्तूंशेजारी बसायचं, आपलं काम आपण सांगायचं, जायचं-यायचं बाजारवाले बघतील.

त्यांचा चेहरा बदलला. “रेल्वेनं?”

“रेल्वेनं.”

“किती जनी?”

“गोधडीला एकच जागा आहे.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला. एवढा वेळ घेतला की मला आशा वाटली. दिल्लीला जायचं त्यांना होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी पदरानं हात पुसून मग तो कागद धरला होता. “हितं काय लिवलंय?” शेवटच्या प्रश्नावर बोट. मी वाचला. यापूर्वी आपले काम कोठे मांडले गेले आहे काय?

“मांडलंय की,” त्या म्हणाल्या. “मेल्यावर.” आणि फॉर्म माझ्या मांडीवर परत ठेवला. “मेलेल्या बाईची सही चालती का तुमच्यात?”

“ताई, मी मुंबईला सांगतो ना. फोन करतो आज.”

“मुंबईला न्हाई. ज्या बाईनी ती नेलीय, तिच्या घरी. फोनवर न्हाई, जाऊन. कुसुम जिती हाय, आन गोधडीचं पोट मी फाडलं, असं तुमच्या तोंडानं. मग आना कागद. सही करते.”

“तोवर मुदत संपेल.”

“माजी मुदत तर तुमी कवाच संपिवली.”

आतून लीलाबाईंचं हसू ऐकू आलं, पण मघाचं ते नव्हतं. मी उठलो, चपला घातल्या. कुसुमताई म्हणाल्या, “बसा.” त्यांनी चुलीवरची भाकरी, कांद्याची पात आणि दही आणून ठेवलं. मला भूक नाही म्हटलं. “आमी कुनाला उपाशी धाडत न्हाई,” त्या म्हणाल्या, “तुमालाबी न्हाई.” आणि मी पूर्ण जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. तशी भाकरी मी आयुष्यात खाल्लेली नाही आणि पुन्हा खावी लागू नये.

परतल्यावर

जीप मिळायला वेळ लागला. फाट्यावर उभं राहून मी मालकीणबाईंचा नंबर दोनदा लावला आणि दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत बंद केला. पुण्याला आल्यावर रज्जाकभाईंचा फॉर्म पाठवला. गोधडीच्या जागेबद्दल लिहिलं, ‘एक नाव आहे, थोडं थांबा.’ मालकीणबाई थांबल्या, जेवढं थांबता येतं तेवढं. मुदत गेल्या सोमवारी संपली. ती जागा राजस्थानच्या एका बाईंना मिळाली. त्यांचं काम चांगलं आहे, मी पाहिलंय.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी स्वतःला पटवू बघतोय. पण कुसुमताईंनी लिहा म्हटलं नव्हतं. जाऊन सांगा म्हटलं होतं. ज्या बाईंनी गोधडी नेली त्यांचा दिल्लीचा पत्ता माझ्याकडे आहे. गाड्याही रोज आहेत. त्यांच्या दारात उभं राहून, माझ्या मोडक्या हिंदीत पण या वेळी शब्द न चुकवता, मला सांगायचं आहे की निरगुडसरच्या कुसुमताई जिवंत आहेत आणि त्यांच्या गोधडीचं पोट मी फाडलं. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी कुसुमताईंचं देणं लागतो.